मापाचा स्वर आणि कानाची साक्ष

इतिहास म्हटला म्हणजे किल्ले, तह आणि सनदा यांचीच चर्चा व्हावयाची, अशी ज्यांची समजूत आहे त्यांस मोबाइलला जोडावयाच्या वायरीच्या हेडफोनवर निबंध लिहिलेला पाहून हसू येण्याचा संभव आहे. वस्तू क्षुद्र खरी. साताऱ्याच्या राजपथावर काय किंवा सांगलीच्या मारुती चौकात काय, दुकानाच्या दर्शनी भागी तिच्या रंगीबेरंगी जुड्या टांगलेल्या असतात, आणि घेणारा भाजी घेण्याइतकाही विचार न करता त्यांतली एक उचलून चालू लागतो. परंतु ज्या वस्तूच्या द्वारे हल्ली घरोघरची मुले अभ्यासाची व्याख्याने ऐकतात, वृद्ध मंडळी कीर्तने ऐकतात आणि रसिक जुन्या गवयांच्या तबकड्या ऐकतात, ती निवडावी कशी, हा प्रश्न आम्हांस क्षुद्र वाटत नाही. शिवाय या प्रश्नाच्या मुळाशी जो वाद आहे, तो याच दोन गावांच्या परिसरात शंभर वर्षांपूर्वी मोठ्या गांभीर्याने खेळला गेला होता. त्या वादाची आठवण वाचकांस करून द्यावी, एवढाच आमचा हेतू आहे.

प्रथम या वस्तूची वंशावळ पाहू. हेडफोनचा जन्म गाण्यासाठी झाला नाही. तो टेलिफोनच्या पोटी झाला. १८७८ साली अमेरिकेत न्यू हेवन येथे टेलिफोनचे पहिले व्यापारी विनिमयकेंद्र निघाले. हिंदुस्थानात १८८२ साली कलकत्ता, मुंबई व मद्रास येथे अशी केंद्रे सुरू झाली. तेथे बसणाऱ्या कामगारांस एक हात मोकळा राहावा म्हणून ऐकण्याचा भाग डोक्यावर बांधण्याची सोय करावी लागली, आणि एकाची तार दुसऱ्याच्या तारेस जोडण्याकरिता खुंटीसारखी एक पितळी दांडी वापरीत. तीच दांडी आकाराने लहान होत होत आज ३.५ मिलिमीटर जाडीची होऊन मोबाइलच्या छिद्रात बसते. दीडशे वर्षांच्या जवळपास एवढे आयुष्य फारच थोड्या यंत्रभागांस लाभले असेल.

दोन कानांस दोन निरनिराळे ध्वनी पोचविण्याची कल्पनाही तितकीच जुनी आहे. १८८१ साली पॅरिसच्या प्रदर्शनात क्लेमाँ आदेर नावाच्या फ्रेंच यंत्रज्ञाने तेथील संगीतगृहाच्या रंगमंचावर ध्वनिग्राहक मांडून ते गायन दूरच्या दालनात ऐकविले. श्रोता दोन कानांस दोन टेलिफोन लावून उभा राहिला, की नट रंगमंचाच्या डावीकडून उजवीकडे जात असल्याचे त्यास डोळे मिटूनही कळे. पुढे १९१० साली नेथॅनियल बॉल्डविन या अमेरिकन गृहस्थाने केलेले हेडफोन त्या देशाच्या नौदलाने घेतले. १९३१ साली इंग्लंडात ॲलन ब्लमलाइन याने द्विमार्गी ध्वनिमुद्रणाच्या हक्कासाठी अर्ज केला. १९५८ साली अमेरिकेत जॉन कॉस याने संगीत ऐकण्यासाठी स्टिरिओ हेडफोन बाजारात आणला. आणि १९७९ साली जपानात सोनीचा वॉकमन निघाल्यावर ही वस्तू दिवाणखान्यातून रस्त्यावर आली.

आपल्याकडे ऐकण्याच्या रीतीस मधल्या काळात एक वेगळेच वळण लागले होते. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईचे नभोवाणी केंद्र सुरू झाले, त्या काळी स्फटिकाचे साधे ग्राहकयंत्र बाळगणाऱ्यास हेडफोन लावल्यावाचून गत्यंतर नव्हते; कारण त्या यंत्रातून निघणारा आवाज इतका क्षीण असे, की तो एकाच माणसाच्या कानापुरता पुरे. व्हॉल्व्हची यंत्रे आणि ध्वनिक्षेपक आल्यावर तोच आवाज साऱ्या घराचा झाला. १९६३ साली सांगलीस आकाशवाणीचे केंद्र निघाले, तेव्हा रेडिओ ही माजघरात किंवा ओसरीवर बसून सर्वांनी मिळून ऐकावयाची वस्तू बनली होती. आज तो आवाज पुनः एका माणसाच्या कानात शिरला आहे. प्रारंभी यंत्राच्या दुर्बलतेमुळे मनुष्य एकटा ऐके. आता यंत्र सबळ असूनही तो एकटाच ऐकतो. चार माणसांत बसून ऐकणारा आपला कान इतरांच्या मानडोलाविण्यावरून नकळत सुधारीत असे. एकट्यास ती सोय नाही. म्हणून त्याने आपले साधन अधिकच पारखून घेतले पाहिजे.

ते पारखावे कशाने, हाच वादाचा मुद्दा. डबीवर छापलेले आकडे म्हणतात, आमच्यावर विश्वास ठेवा. बहुतेक प्रत्येक डबीवर ‘२० ते २०,००० हर्ट्झ’ असे लिहिलेले आढळते. मनुष्याच्या कानास साधारणतः ऐकू येणाऱ्या ध्वनींची हीच मर्यादा असल्याने हे वाचून ग्राहकाचे समाधान होते. पण या मर्यादेतील सर्व स्वर सारख्या बळाने उमटतात, की खर्ज दुप्पट फुगतो आणि वरचे स्वर दबून जातात, हे त्या आकड्यांवरून काहीच समजत नाही. दोनशे रुपयांच्या आणि वीस हजार रुपयांच्या हेडफोनवर हेच दोन आकडे छापलेले सापडतील. माप खोटे नसते. ते भलत्याच प्रश्नाचे उत्तर देत असते.

मापाने स्वर बांधता येतो काय, याच प्रश्नावर सातारा व सांगली या भागातील विद्वानांनी आपली वर्षे खर्ची घातली आहेत. सांगलीकडचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे डेप्युटी कलेक्टरच्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले गृहस्थ. प्राचीन ग्रंथांत सप्तकाच्या ज्या बावीस श्रुती सांगितल्या आहेत, त्यांची निश्चित प्रमाणे ठरवावी असा त्यांनी ध्यास घेतला. तारेच्या लांबीची मोजमापे घेऊन, आणि किराना घराण्याचे थोर गायक खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या गळ्याची साक्ष काढून, त्यांनी आपले सिद्धांत १९१० साली इंग्रजी पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. साताऱ्यास न्यायाधीश असलेले अर्नेस्ट क्लेमंट्स हे त्यांस सहकारी मिळाले, आणि १९११ मध्ये या मंडळींनी ‘फिलहार्मोनिक सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया’ ही संस्था स्थापन केली. क्लेमंट्स साहेबांनी १९१३ साली हिंदुस्थानी संगीतावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. इंग्रज न्यायाधीश, महाराष्ट्रीय ब्राह्मण अधिकारी आणि मुसलमान गवई हे तिघे एका तारेभोवती कान देऊन बसले, हा प्रसंग त्या काळच्या साताऱ्याच्या इतिहासात नोंदण्यासारखा आहे.

त्यांच्या खटपटीचे कारण समजून घेण्यासारखे आहे. बाजारातील पेटीत सप्तकाचे बारा सारखे भाग पाडलेले असतात. सप्तकाचे १२०० सूक्ष्म भाग कल्पिले, तर पेटीचा शुद्ध गंधार षड्जापासून ४०० भागांवर बोलतो. पण तंबोऱ्याची खर्जाची तार छेडली असता तिच्यातून जो गंधार आपोआप झंकारतो, ज्यास गुणिजन स्वयंभू गंधार म्हणतात, तो सुमारे ३८६ भागांवर असतो. म्हणजे पेटीचा गंधार चौदा भागांनी चढा. तंबोऱ्यावर जोपासलेल्या कानास तो खुपतो. हा दोष घालविण्यासाठी देवल आणि क्लेमंट्स यांनी श्रुतींप्रमाणे स्वर लावलेली ‘श्रुति-हार्मोनियम’ लंडनमध्ये करवून घेतली. १९१६ साली सयाजीराव गायकवाड महाराजांच्या आश्रयाने बडोद्यास पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तेव्हा पंडित भातखंडे व नामांकित गवई यांच्यासमोर या पेटीचा विषय निघाला. गवयांच्या गळ्याशी ती ताडून पाहण्यात आली; पण तिचे स्वर सर्वमान्य झाले नाहीत.

असे का व्हावे? मापे चुकली होती म्हणून नव्हे. आमच्या मते कारण असे, की गवयाचा स्वर हा जमिनीत रोवलेला खुंट नव्हे. तो मागच्या स्वरावरून घसरत येतो, पुढच्याकडे झुकतो, एका रागात किंचित उतरतो तर दुसऱ्यात चढतो. पुढे १९६३ साली नाझीर जैराझभॉय व ए. डब्ल्यू. स्टोन या संशोधकांनी यंत्राच्या साह्याने प्रत्यक्ष गायनवादनाची मापे घेतली, तेव्हा एकाच कलावंताचा एकच स्वरदेखील जागेवर काटेकोर राहत नाही, असे दिसून आले. तथापि देवलांच्या श्रमांची कोणी थट्टा करू नये. बाजारची पेटी कोठे चुकते हे त्यांनी आकड्यांत दाखविले, ही सेवा लहान नाही. त्यांचे माप दोष दाखविण्यास पुरेसे होते. गुण निर्माण करण्यास मात्र ते अपुरे पडले. आकड्यांनी काय करावे आणि काय करू नये, याचा एवढा स्वच्छ धडा दुसरीकडे क्वचितच मिळेल.

या धड्याची दुसरी बाजू सांगलीपासून दोन-अडीच कोसांवरील मिरजेस पाहावयास मिळते. तेथे गेल्या शतकाच्याही आधीपासून शिकलगार घराण्यांतील कारागीर तंबोरे व सतारी करीत आले आहेत. मूळचा त्यांचा धंदा शस्त्रांस धार लावण्याचा; तलवारींचे दिवस सरल्यावर तेच हात तारांकडे वळले. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूस पिकणारे मोठे भोपळे आणून, वाळवून, त्यांवर दांडी बसवून ते वाद्य सिद्ध करतात. २०२४ साली मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकनही मिळाले. या धंद्यातील शेवटचे व सर्वांत नाजूक काम म्हणजे जवारी काढणे. घोडीचा माथा कानसीने अगदी थोडा थोडा घासावयाचा, तार छेडावयाची, ऐकावयाचे, पुनः घासावयाचे. आणि मग तारेखाली सुताचा धागा सरकवून ज्या जागी झंकार फुलतो ती जागा पकडावयाची. या कामास मोजपट्टी नाही. धागा केसभर इकडेतिकडे झाला की तंबोरा मुका होतो. कारागीर मापाने भोपळा निवडतो, मापाने दांडी कापतो, पण निकाल कानावर सोपवितो.

आमचे म्हणणे एवढेच, की हेडफोन घेणाऱ्यानेही हाच क्रम धरावा. ज्या गोष्टी मापाच्या आहेत त्या मापाने पाहाव्या, आणि उरलेल्या कानाने.

मापाच्या गोष्टी तीन. पहिली जोडणीची. आपल्या मोबाइलला ३.५ मिलिमीटरचे छिद्र आहे की नाही हे आधी पाहावे; २०१६ साली ॲपलने आपल्या आयफोनमधून ते काढून टाकल्यापासून अनेकांनी तोच कित्ता गिरविला आहे. छिद्र असल्यास दांडीवरील काळ्या रेषा मोजाव्या. दोन असल्या तर हेडफोन केवळ ऐकण्याचा. तीन असल्या तर त्यात बोलण्याचीही सोय आहे. या दुसऱ्या प्रकारातही जोडणीच्या दोन रूढी आहेत, आणि त्यांत शेवटच्या दोन भागांची अदलाबदल असते. न जुळणारी जोडणी पदरी पडली तर चमत्कारिक अनुभव येतो: साथीची वाद्ये ऐकू येतात आणि गवयाचाच आवाज पोकळ होऊन विरतो, कारण दोन्ही बाजूंस जो ध्वनी सारखा असतो, नेमका तोच अशा वेळी नाहीसा होतो. मोबाइलला केवळ टाइप-सी छिद्र असेल तर ज्याच्या जोडणीतच अंकांचे ध्वनीत रूपांतर करणारा सूक्ष्म भाग बसविला आहे असा हेडफोन घ्यावा. तो नसलेला काही मोबाइलवर बोलतो, काहींवर बोलतच नाही.

दुसरी गोष्ट विद्युत्-रोधाची. ती ओहममध्ये छापलेली असते. १६ ते ३२ ओहमचा हेडफोन मोबाइलच्या अल्प शक्तीवर चांगला चालतो. २५० किंवा ३०० ओहमचे ध्वनिमुद्रणगृहातील हेडफोन मोबाइलवर कुजबुजत राहतात. तिसरी गोष्ट कानात बसण्याची. कानाच्या नळीत घालावयाच्या हेडफोनबरोबर रबराच्या लहानमोठ्या टोप्या मिळतात. टोपी सैल बसली की खर्ज नाहीसा होतो, आणि लोक बिचाऱ्या यंत्रास दोष देतात.

आता कानाची परीक्षा. तिच्यासाठी नव्या झगझगीत गाण्यांहून जुन्या तबकड्या अधिक उपयोगी, असे आम्ही म्हटले तर कोणास विचित्र वाटेल. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ १९३७ साली निवर्तले. त्यांची समाधी मिरजेस मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात आहे, आणि उरुसाच्या वेळी तेथे त्यांच्या स्मरणार्थ संगीतसभा होते. त्यांच्या तबकड्या, किंवा याच मुलुखात नागठाणे येथे १८८८ साली जन्मलेल्या बालगंधर्वांच्या जुन्या तबकड्या, एकमार्गी आहेत. त्यांत डावे-उजवे नाही. मग स्टिरिओ हेडफोनाचा तेथे उपयोग काय? उपयोग परीक्षेचा. दोन्ही कानांस अगदी एकच ध्वनी जात असल्यामुळे गवयाचा आवाज बरोबर मस्तकाच्या मध्यभागी उभा राहिला पाहिजे. तो एका बाजूस कलत असेल, किंवा तान वर जाताच सरकत असेल, तर दोन बाजूंचे पडदे सारखे नाहीत असे समजावे. मग हेडफोन उलटा घालून पाहावा. कल जर दुसऱ्या बाजूस गेला तर दोष यंत्राचा, आणि तो त्याच कानात राहिला तर आपल्या कानाची तपासणी वैद्याकडून करवून घ्यावी.

दुसरी परीक्षा तंबोऱ्याची. चांगल्या ध्वनिमुद्रणातील नुसता तंबोरा शांतपणे ऐकावा. खर्जाच्या तारेनंतर तो स्वयंभू गंधार वर तरंगताना स्पष्ट ऐकू येतो काय? जवारीचा तो बारीक, मधमाशीसारखा झंकार सुटा सुटा ऐकू येतो, की खर्जाच्या घुमण्यात बुडून जातो? बाजारात ‘दमदार’ म्हणून मिरविणारे पुष्कळ हेडफोन या परीक्षेत नापास होतात. कारण त्यांत खर्ज मुद्दाम फुगविलेला असतो. प्रथम तो कानास भव्य वाटतो, पण अर्ध्या तासाने शीण आणतो. तिसरी परीक्षा साध्या बोलण्याची. मराठी बातमीपत्र लावून ‘स’, ‘श’ आणि ‘ष’ ही अक्षरे टोचतात काय, आणि ‘त’ व ‘थ’ यांतील भेद कळतो काय, हे पाहावे. व्याख्याने ऐकणाऱ्या विद्यार्थ्यास ही परीक्षा इतर दोहोंपेक्षा महत्त्वाची.

दुकानात एवढे सारे करू देतील काय, अशी शंका येईल. मिरजेचा कारागीर तंबोरा छेडून पाहिल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हाती देत नाही. मग दुकानदाराकडे पाच मिनिटे ऐकून पाहण्याची परवानगी मागण्यात संकोच कसला? ती मिळत नसेल तर निदान परत घेण्याची हमी तरी मागावी.

येथपर्यंत आम्ही कानास न्यायाधीश मानले. परंतु न्यायाधीशाचीही काळजी कोणी तरी घ्यावयास हवी, आणि या ठिकाणी मात्र माप पुनः वरचढ ठरते. कान हा फसणारा साक्षी आहे. दोन हेडफोनांपैकी जो किंचित मोठ्याने बोलतो तोच त्यास अधिक चांगला वाटतो. म्हणून तुलना करताना दोहोंचा आवाज सारखा ठेवावा. आणि ज्या मोठ्या आवाजाने कानाची हानी होते, तो आवाज काही दिवसांत त्यास सवयीचा होतो. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्यास ८० डेसिबलचे ४० तास अशी सुरक्षित मर्यादा सांगितली आहे; मुलांसाठी ७५ डेसिबल. दर तीन डेसिबलांस ही वेळ निम्मी होते. म्हणजे ८३ डेसिबलला २० तास, ८६ ला १० आणि ८९ ला पाचच. साताऱ्याहून सांगलीस एसटीने जाणारा तरुण इंजिनाच्या घरघरीवर मात करण्यासाठी आवाज चढवीत नेतो, आणि ही मर्यादा कधी ओलांडली हे त्याच्या ध्यानातही येत नाही. म्हणूनच घट्ट बसणारी टोपी ही चैन नव्हे; बाहेरचा गोंगाट तिने अडविला म्हणजे आतला आवाज कमी ठेवता येतो. अर्थात रस्त्यावर चालताना तीच टोपी घातक ठरते, हे सुज्ञांस सांगावयास नको.

अंतःकर्णात ज्या सूक्ष्म केशयुक्त पेशी ध्वनीचे ग्रहण करतात, त्या मनुष्यात एकदा मेल्या की पुनः उगवत नाहीत. तंबोऱ्याची जवारी उतरली तर मिरजेस नेऊन ती पुनः काढून घेता येते. हेडफोनची वायर तुटली तर दुसरा आणता येतो. अंतःकर्णाची जवारी काढून देणारा कारागीर मात्र अद्यापि कोठे झालेला नाही.

देवल आणि क्लेमंट्स यांच्या पेटीचे स्वर आज कोणी आळवीत नाही. पण ज्या तन्मयतेने ते एका तारेवर कान लावून बसले, ती तन्मयता आपल्यास उपयोगी पडण्यासारखी आहे. हेडफोन घेताना आपण एक वस्तू घेतो असे वाटते. वस्तुतः पुढील दोन-तीन वर्षे आपला कान कोणत्या स्वराच्या संगतीत वाढणार, याचा निर्णय आपण करीत असतो. घरातील मुलांसाठी गुरुजी निवडताना जेवढी चौकशी करतो, तिच्या दशांशाने जरी या बाबतीत केली, तरी ती वाया जाणार नाही.